खडूची फुली

"हे वाचा आणि सांगा, आमचं काय चुकलं ते," असं म्हणत शिवणवाल्या ताईंनी पत्र टेबलावर आपटलं.

वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या त्या टेबलामागे लाइनमनकाका बसत. टेलिफोन खात्यात उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला. निवृत्तीनंतर वाचनालयाने त्यांना हे काम दिलं होतं, लोकांना परवडेल आणि टिकेल असं इंटरनेट घरी मिळवून द्यायचं. काका योजना समजावत, फॉर्म भरून देत आणि प्रत्येकाला एक गोष्ट बजावत, "सही करण्याआधी कागदाची मागची बाजू वाचायची. खरी मेख तिकडेच मारलेली असते."

पत्रात नवं काही नव्हतं. अर्ध्या दराची योजना फक्त इंटरनेट नसलेल्या इमारतींसाठी आहे, आपल्या इमारतीत सोय उपलब्ध असल्याने अर्ज नामंजूर. ही तिसरी खेप.

"सोय?" ताई म्हणाल्या. "माझी पोरगी जिन्यात उभी राहून परीक्षेचे पेपर पाठवते. ही सोय का?"

जिन्यातली ती जागा काकांनीच शोधून दिली होती. ते स्वतः त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. भिंती अशा जाड की घराघरात मोबाइलची रेंज मेलेली. काकांनी फोन हातात धरून सगळे मजले पालथे घातले आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जरा बरी रेंज आली तिथे खडूने फुली मारली. तेव्हापासून अख्खी इमारत त्या फुलीवर रांग लावत होती.

दुसऱ्या दिवशी ते तडक कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. नकाशात इमारतीवर हिरवा ठिपका होता.

"एक कनेक्शन चालू आहे ना, काका. तळमजला, खोली दोन."

खोली दोन म्हणजे काकांचंच घर! निवृत्त होताना खात्याने दिलेलं आणि पुढे या कंपनीच्या गळ्यात पडलेलं जुन्या तारेचं कनेक्शन. रडतखडत चालायचं, पण रोज संध्याकाळी सहाला त्यावर परदेशातली लेक दिसायची आणि तिच्या मांडीवरची दीड वर्षाची नात. काकू साडेपाचलाच केस विंचरून फोनसमोर बसत. नात नुकतीच 'आजी' म्हणायला लागली होती आणि त्या एका शब्दावर काकूंचा पुढचा अख्खा दिवस निघायचा.

तेवीस घरं आपल्यापायी अडून बसली आहेत, या विचाराने काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे बंद केलं तर ठिपका जाईल?"

"जाईल की. मग योजना लागू. महिन्याभरात केबल येईल, तुमच्याकडेसुद्धा."

तिने कागद पुढे सरकवला. काकांनी उभ्या उभ्या सही ठोकली. काकूंना विचारायला हवं होतं, हे त्यांना ऑफिसच्या पायऱ्या उतरताना सुचलं.

संध्याकाळी सहाला पडदा काळाच राहिला तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"महिन्याचा तर प्रश्न आहे गं."

"विचारलं असतंत तर मी काय नाही म्हटलं असतं?" काकू म्हणाल्या. "पण विचारायचं तरी, अहो. माझं दुसरं आहे काय दिवसभरात?"

महिन्याने केबल आली नाही, पत्र आलं. इमारतीतील एकमेव ग्राहकाने सेवा सोडली असल्याने येथे मागणी नाही, सबब इमारत योजनेतून वगळण्यात येत आहे.

काका पत्र घेऊन धावले.

"तेवीस अर्ज पडलेत की तुमच्याकडे! ती मागणी नव्हे?"

"नामंजूर झालेले अर्ज मोजत नाहीत, काका." मुलीचा आवाज खाली आला. "हे मलाही माहीत नव्हतं."

"मग माझं जुनं कनेक्शन तरी परत द्या."

तिने फायलीतून त्यांचा कागद काढला आणि हळूच उलटा केला. जुन्या तारेवरचे कनेक्शन एकदा सोडल्यास पुन्हा मिळणार नाही. स्वच्छ छापलं होतं, चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं. काकांना स्वतःचीच चीड आली.

इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. "होतं तेही घालवून बसले," कुणीतरी जिन्यात म्हणालं आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

त्या संध्याकाळी काका एका हातात खुर्ची घेऊन आणि दुसऱ्या हाताने काकूंचा दंड धरून तिसरा मजला चढले. काकूंचे गुडघे प्रत्येक पायरीला थांबत होते. फुलीपाशी चौघं उभे होते. ताईंनी त्यांना पाहिलं आणि मान वळवली. पोरीचा पेपर अजून गेला नव्हता. काकांनी खुर्ची रांगेच्या शेवटी टेकली.

काकूंचा नंबर आला तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. पडद्यावर नात अर्धीच उमटली.

"आजी म्हण. अगं, आजी बघ ना," लेकीचा आवाज तुटत तुटत आला.

नात नुसती बघत राहिली. मग तिने आईच्या खांद्यात तोंड लपवलं आणि रेंज गेली.

काकूंनी फोन मांडीवर ठेवला.

"खडू आहे का हो तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "फुली पुसट झालीय. उद्या मला दिसायची नाही."

काकांनी खिसा चाचपून खडू काढला. मग गुडघे टेकून त्यांनी काकूंची चप्पल जराशी बाजूला केली आणि फुली पुन्हा गिरवली.