तापाची साक्ष

चर्चमध्ये पाळकांनी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला नाव पुकारलं, तसा अभिमन्यू घाईने उठला आणि पुढच्या बाकावर गुडघा आपटून घेतला.

टॉवेलच्या कारखान्यात बॉयलर फुटून महिना झाला होता. त्या दिवशीची पाळी अभिमन्यूची होती. अंगात ताप आहे म्हणून त्याने ती सोबत काम करणाऱ्या सुबोधच्या गळ्यात घातली, आणि जीव सुबोधचा गेला. तेव्हापासून सबंध मंडळीत एकच बोललं जात होतं, प्रभूने ताप धाडून अभिमन्यूला वाचवलं. चमत्कार हाती लागला की तो तपासून बघायचा धीर माणसांना कुठला! ताप नव्हताच. अभिमन्यू दुधनीला मित्राच्या लग्नात जेवत बसला होता.

आजही दर रविवारसारखं सुबोधच्या आईने, शांतम्माने, त्याला चर्चच्या दारात गाठलं होतं.

"अभि, ताप देवानंच धाडला न्हवं का तुला?"

"व्हय, मावशी."

"मग माझा सुबोध उगंच न्हाय गेला. काय तरी ठरलेलं असंल की."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली होती. तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, आणि तेही त्याच्या थापेवर उभं होतं. खरं सांगितलं तर म्हातारीने कशाच्या आधारावर जगायचं? अभिमन्यूला स्वतःची किळस आली.

"बोला," माइक पुढे करत पाळक म्हणाले. "देवाच्या घरी योगायोग नसतो."

अभिमन्यूने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मला ताप नव्हता. लग्नाला जायचं होतं, म्हणून सुबोधला खोटं सांगितलं. देवानं काय केलं ते मला ठाऊक नाही. मी काय केलं ते ठाऊक आहे."

हालेलूया म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. पाळकांनी बायबल मिटलं, पुन्हा उघडलं.

शांतम्मा जागेवरूनच बोलली, फार मोठ्याने नाही.

"त्या दिवशी सुबोध जाताना म्हनला, अभि तापानं पडलाय, पेज नेऊन दे. मी आलते घेऊन. तुझ्या खोलीला कुलूप होतं."

अभिमन्यूने माइक खाली ठेवला.

"देवाला काय इचारायचं ते मी इचारीन," ती म्हणाली. "तुझ्याकडनं एवढंच पायजे होतं."

तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, बस हितं."

तो बाक बायकांच्या बाजूचा होता. अभिमन्यू तिकडेच गेला.