तोंडपाठ जेवण

टाक्यामागं टाका, घासामागं घास,
लेक माझी वाढे, अंगी लागो मास.

ओठांत टाचण्या धरून बाबांनी म्हटलेल्या या ओळी तिला अजून ऐकू येत. टाचण्यांमुळे शब्द चेपलेले, मशीनच्या खडखडाटात अर्धे बुडालेले. पण त्या आवाजाच्या आधाराने ती लहानाची मोठी झाली होती. आई गेल्यावर बाबांनी तिला असंच वाढवलं. शिवण टोकाला पोचली की पाय थांबायचा, ताटली पुढे यायची, आणि एक घास तिच्या तोंडात जायचा. ती महाहट्टी. घास गालात धरून बसायची. मग बाबा म्हणायचे, बस हो महाराणी, गिर्‍हाईक उघडं फिरेल, पण तू गिळल्याशिवाय पुढची शिवण नाही.

आता ती विद्यापीठात आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वसतिगृहात राहत होती. दुकानात येईल त्याला बाबा कौतुकाने सांगायचे, मी जन्मभर लोकांची पोटं बाहेरून मापली, आता लेक आतून मापणार.

त्या सत्रात प्रत्येकाला घरातलं एक माणूस निवडायचं होतं आणि त्याला अधूनमधून एकच प्रश्न विचारायचा होता: काल काय काय खाल्लंत? दिसायला पोरखेळ, पण शिकवणाऱ्या बाईंनी आधी महिनाभर नुसतं विचारायलाच शिकवलं. वाटी कुठली, काठोकाठ की अर्धी, हे खोदून काढायचं. चेहरा मात्र धुतलेल्या ताटासारखा कोरा ठेवायचा. ‘एवढंच?’ म्हणायचं नाही, ‘वा’ म्हणायचं नाही. बाई म्हणायच्या, जेवणावरून माणसाला एकदा बोललात की त्याचं खरं ताट तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.

तिने मान डोलावली होती. आणि पहिल्याच फोनवर ती सगळं विसरली, कारण पलीकडे परका माणूस नव्हता, बाप होता.

बाबा जरा थांबून म्हणाले होते, भाताचं पाणी घेतलं, मग थोडं दूध. झालं, तिची सरबत्ती सुरू. हे काय जेवण झालं? प्रथिनं कुठायत? या वयात स्नायू असे झिजतात, हाडं तशी ठिसूळ होतात. तुम्हीच असं केलंत तर मी लोकांना कुठल्या तोंडाने सांगू? बाबांनी निमूट ऐकून घेतलं. शेवटी हसून म्हणाले, चुकलं मास्तरीणबाई, उद्यापासून शहाण्यासारखा जेवतो.

पुढच्या वेळी त्यांनी सांगितलेलं ऐकून तिचा ऊर भरून आला. सकाळी अंडं आणि दूध, दुपारी भात, दाट डाळ, पालेभाजी, चार वाजता सफरचंद. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच, त्याच क्रमाने, न अडखळता. ती शाब्बास म्हणाली. तेही बाईंच्या नियमात बसत नव्हतं.

बाईंनी तिने लिहून दिलेल्या नोंदी वाचल्या, आणि मापं शिकवायला ठेवलेली रबरी अंडी, रबरी सफरचंदं, रबरी भाताची मूद असं सगळं तिच्यासमोर ओळीने मांडलं.

“माणूस असं जेवत नाही, पोरी,” बाई म्हणाल्या. “माणूस चहा विसरतो, बिस्कीट लपवतो, मध्येच म्हणतो, थांब, ते परवाचं होतं. इथे माणूस जेवलेला नाही. इथे पुस्तक जेवलंय.”

वर्ग हसला. तीही हसली, पण ते हसू ओठांवरच वाळून गेलं. 

दुसऱ्या दिवशी न कळवता तिने घरची गाडी धरली.

दुपार होती. रस्त्याकडच्या खोलीत मशीन चालू होतं, पण त्याची लय तिच्या ओळखीची नव्हती. चार पावलं चालून दम खाणाऱ्या माणसासारखं ते थांबत होतं. तिला बघून बाबा दचकले आणि मग तोंडभर हसले. त्यांनी दाढी वाढवली होती. म्हातारपणाची हौस, म्हणाले. गिर्‍हाइकं म्हणतात, शिंपी गेला आणि ऋषी आला.

बाईंनी शिकवलं होतं, आधी कपडे बघा. शरीर लपवतं ते कपडे बोलून दाखवतात. तिने बघितलं. सदरा अंगाबरोबर होता. खांदे जागच्या जागी, कॉलर मानेला टेकलेली. तिचा जीव भांड्यात पडला. उगाच आपण सुतावरून स्वर्ग गाठला, असं ती स्वतःशी म्हणाली देखील.

बाबांनी शिवून झालेला कोट टांगायला हात वर केला, तेव्हा तिची नजर खिशावर गेली.

खिसा छातीवर नव्हता. काखेकडे सरकला होता.

ती शिंप्याची लेक होती. खिसा चालत नाही, हे तिला कळत होतं. बगला उसवून सदरा आत घेतला की खिसा काखेकडे जातो. एकदा घेतला तर जरासा, पुन्हा पुन्हा घेतला तर इतका. हा माणूस झिजत होता आणि झिजेल तसा स्वतःला बेतून घेत होता, असा सफाईने की जगाला सुरकुती दिसू नये. तिला दाढीचाही अर्थ लागला.

पाणी पिते म्हणून आत गेली.

स्वयंपाकघर नको इतकं स्वच्छ होतं. तवा कोरडा, आणि त्यावर धुळीचा पातळ थर. खिडकीच्या दांडीवर अस्तराच्या मऊ कापडाचे चौकोनी तुकडे वाळत होते, मधोमध पिवळसर डाग पडलेले. तिने एक नाकाशी नेला. डाळीचा वास आला. डाळ शिजवून, घोटून, कापडातून गाळलेली. शेजारचा तुकडा आणखी तलम कापडाचा, आणखी घट्ट विणीचा, जवळजवळ डागच नसलेला.

वर्गात अन्ननलिकेच्या आजाराचा धडा झाला होता. बाईंनी तो अगदी सपाट आवाजात शिकवला होता. आधी घट्ट अडकतं, मग मऊ अडकतं, मग पातळ. परीक्षेत हा क्रम विचारतात, लक्षात ठेवा.

बाहेर मशीन थांबलं होतं. बाबा दारात उभे होते. ती ते कापड हातात धरून उभी आहे, हे त्यांनी पाहिलं आणि घाईघाईने सुरुवात केली, की काल ना, सकाळी अंडं आणि दूध घेतलं, दुपारी भात, दाट डाळ...

“बाबा,” ती म्हणाली. चेहरा कोरा ठेवणं तिला जमलं नाही, आणि तिने प्रयत्नही केला नाही. “काय खाल्लं ते नको. कुठवर आलंय ते सांगा. मऊ जातं अजून? की पातळच?”

ते खाली बघत राहिले. चौकटीला धरलेला त्यांचा हात सदऱ्याच्या बाहीत काठीसारखा दिसत होता. रस्त्यावरून कुणीतरी दुकानात डोकावलं, हाक मारली, आणि ओ मिळेना तसं निघून गेलं.

“पाणी,” बाबा म्हणाले. “कालपासून पाणीही थांबून थांबून उतरतं.”

तिने जवळ जाऊन त्यांचा दंड धरला. तिची बोटं एकमेकांना भेटली.

“डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, नळी घालून बघू म्हणून. तुझी परीक्षा होऊ दे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण ते खरं नाही गं.” त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. “मला एकट्याला जायची भीती वाटत होती.”