मच्छिंद्रचा हात

आमच्या कंपनीत उंदीर सकाळी माणूस असतो आणि दुपारी उंदीर. ही किमया संचालक अभयसरांची. सकाळी गुंतवणूकदारांना पडद्यावर उंदराचे सुजलेले सांधे दाखवत ते म्हणाले, "आमच्या औषधाने सूज उतरली. उंदराचं शरीर आपल्यासारखंच चालतं, बरं का!" दुपारी मी त्यांना सांगितलं, की जास्त डोसच्या गटातले चार उंदीर मेले. तेव्हा स्वतःचा दुखरा गुडघा चोळत सर म्हणाले, "मॅडम, उंदीर म्हणजे काय माणूस आहे?"

मेलेला उंदीर कशाने मेला, हे त्याचे अवयव तपासून लिहायचं, हे माझं काम. चौघांचीही यकृतं पिवळी पडली होती. औषधानेच मेले होते. पण तसं लिहिलं तर माणसांवरची चाचणी लांबणार, आणि सर तर तारीख जाहीर करून बसलेले. मग हे कुणाच्या तरी गळ्यात मारणं भाग होतं. सगळ्यात सोयीचा गळा मच्छिंद्रचा.

मच्छिंद्र हिंजवडीपलीकडच्या गावचा. चौदा वर्षं तो उंदरांच्या घशात बारीक नळी घालून त्यांना औषध पाजतोय. सर त्या खोलीत एकदाही फिरकलेले नाहीत. वास येतो म्हणे. उंदरांवर भाषण द्यायला उंदीर बघावा लागत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद टाईप करून तयार होता: 'माझ्या हातून नळी श्वासनळीत गेल्यामुळे चार उंदीर दगावले.'

"सही कर. नोकरीला धक्का लागणार नाही," सर म्हणाले. नाही केली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"औषध श्वासनळीत गेलं असतं, तर फुप्फुसांत दिसलं असतं," मी म्हटलं. "चौघांचीही स्वच्छ आहेत. बरणीत ठेवलीत. चला, दाखवते."

"मला कुठे वेळ आहे?" सरांनी नाक मुरडलं.

मच्छिंद्रने पेन उचललं. मला त्याचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. त्याच्या मुलीचं कॉलेज त्याच्या पगारावर चालतं, माझ्या नाही.

"सायेब, सही केल्यावर फुडं काय?" त्याने विचारलं.

"पुढे माणसांना देणार. तुला काय करायचंय?"

"काय होणार न्हाई त्यांना?"

"काहीही नाही. अगदी सुरक्षित आहे."

मच्छिंद्रने पेन खाली ठेवलं. एप्रनच्या खिशातून दुपारच्या डोसची कुपी काढली आणि त्या कागदावर ठेवली.

"मग सायेब, तुमचा गुडघा दुखतोय न्हवं? तुमी घ्या की. मी पाजतो. माझा हात चुकायचा न्हाई."

तो चेष्टा करत नव्हता. सरांनी कुपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी दोन बोटांनी कुपी बाजूला सारली, कागद ओढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"मॅडम, यकृताचं काय ते लिहा तुम्ही," ते म्हणाले.