मागून चालणारा नवरा

माझा नवरा न्हावी आहे आणि बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे त्याची गिऱ्हाइकं. कुणाची सून रुसली, कुणाच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडलं, सगळं त्याच्या खुर्चीवर बसलं की कळतं. घरी आला की मात्र तोंडात मिठाची गुळणी. मी विचारते, "काय म्हणतंय दुकान?" तो म्हणतो, "नेहमीचंच." झालं, संपल्या गप्पा.

मीही बोलण्याचंच खाते म्हणा. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर बोलून दमलेली दोन माणसं घरी गप्प बसणारच, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. पण यंदा मी निवृत्त होणार आणि दुकान लेक सांभाळणार असं ठरलं, तेव्हा मी धास्तीच घेतली. दोघंच घरात, दिवसभर, आणि हा माणूस "हं" आणि "बरं"च्या पुढे जात नाही. उरलेलं आयुष्य काढायचं कसं?

त्यात उभं राहून राहून याच्या पायांच्या शिरा फुगल्या. डॉक्टरीणबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. काही दिवस सुट्टी घ्या, थोडं थोडं चाला, एका जागी उभे असाल तेव्हा टाचा उचला. मला म्हणाल्या, तुम्ही सारख्या बसून असता, तुम्हीही मधूनमधून उठा. लेकीने लगेच एका तळ्याकाठचं हॉटेल ठरवलं आणि आमची बॅगही भरून दिली. मी मनात म्हटलं, आता याला बोलतं केल्याशिवाय परत यायचं नाही.

पोचल्या पोचल्या स्वारी गॅलरीतल्या खुर्चीत, पाय कठड्यावर.

"मी जन्मभर उभा होतो," तो म्हणाला. "आता बसू दे."

"मी जन्मभर बसले होते. उठा."

ओढतच नेलं त्याला तळ्यावर. दंडाला धरून शेजारी चालवलं, म्हणजे निसटायला नको. म्हटलं, पाणी किती स्वच्छ आहे. "हं." म्हटलं, अहो, ते बदक बघा. "बरं." बदक दाखवल्यावर "बरं" म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जरा हात सैल सोडला की हा मागे पडायचा, मी पुन्हा ओढून शेजारी आणायचे. खोलीवर आलो तेव्हा माझं डोकं भणभणत होतं आणि त्याने पुन्हा पाय कठड्यावर टाकले होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी चहा आणायला गेले. परत येऊन बघते तर हा शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांच्या मागे उभा. त्यांच्या खुर्चीची पाठ धरून, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे टाचा वरखाली करत, आणि तोंडाचा पट्टा चालू. ते बिचारे ब्रेडला लोणी लावता लावता मान डोलवत होते. मी दोन्ही कप हातात धरून तशीच उभी राहिले.

"लेकीने पहिल्यांदा कात्री हातात घेतली ना," तो सांगत होता, "तेव्हा मी सुटे आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि गल्लीत उभा राहून रडलो. म्हटलं, माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे."

हे मला माहीत नव्हतं. ब्रेडला लोणी लावणाऱ्या परक्या माणसाला माहीत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यात ते गृहस्थ काहीतरी बोलायला म्हणून मागे वळले, त्यांनी याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हा एकदम गप्प. "बरं," म्हणाला आणि आमच्या टेबलावर येऊन बसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला बोलायला समोर तोंड चालत नाही, डोक्याची मागची बाजू लागते.

संध्याकाळी मी त्याचा दंड धरला नाही. सरळ पुढे चालायला लागले. बराच वेळ मागून नुसत्या चपला वाजत होत्या.

"केस कुणाकडे कापतेस?" आवाज आला.

"का हो?"

"डावीकडे वर गेलेत."

चांगलं उत्तर तोंडावर आलं होतं, पण गिळलं. आणि मग जो सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टरीणबाईंचा तोरा, हॉटेलातल्या उशा, लेकीचा हट्टी स्वभाव कुणावर गेलाय. कुणावर, ते त्याने स्पष्ट सांगितलं. मला हसू आलं म्हणून मी वळले, तर नळ बंद. पुन्हा पुढे बघून चालायला लागले, तर थोड्या वेळाने पुन्हा चालू.

तळ्याच्या वळणावर तो म्हणाला, "दुकान सुटलं की मी बोलणार कुणाशी? त्याचीच धास्ती घेतलीय मी."

घरात काय मी भिंत आहे का, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तेही गिळलं. मला वाटत होतं, धास्ती मी एकटीनेच घेतलीय.

"माझ्याशी बोला की," मी कशीबशी म्हणाले.

"तू समोर उभी राहून विचारतेस. मग मला काही सुचत नाही."

खरंच होतं ते. खिडकीत बसून बसून मला समोरासमोरचंच बोलणं येतं.

"मग घरीही रोज असंच चालू," मी म्हटलं. "मी पुढे राहीन. वळणार नाही."

मागच्या चपला थांबल्या. मीही थांबले, पण मान वळवली नाही.

"मग जरा हळू चालत जा," तो म्हणाला. "सांगायचं बरंच राहिलंय."

मी हळू चालले. डोळे पुसायचे होते, पण हात वर नेला नाही. मागून त्याला सगळं दिसतं.