फिरून येणारी वाट

फाट्यापाशी बेरिल थांबली आणि म्हणाली, "विच वे, लव्ह?"

रेखाताईंना वाटलं, गंमत करतेय. वाट बेरिलची होती. लग्न होऊन या डोंगरातल्या गावात आल्यापासून ती याच वाटेने चालत आली होती. गावाच्या मागून दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, खुरट्या झुडपांच्या उघड्या माळावरून चढायचं आणि गोल फिरून पुन्हा गावात यायचं. रेखाताई नुसत्या तिच्या लाल टोपीवर नजर ठेवून मागून चालायच्या. आपण कुठे वळतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

रेखाताई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवरा गेल्यावर काही महिने मुलाकडे, निनादकडे राहावं म्हणून सिडनीला आल्या आणि विमानं बंद झाली. परत जायचं पुढे पुढे ढकलत दीड वर्ष गेलं. मधेच ऑफिसं घरात आली म्हणून निनाद आणि सून मयूराने सिडनीतलं स्कोफिल्ड्स सोडलं आणि इथे भाड्याने घर घेतलं. स्कोफिल्ड्सला निदान चार घरं सोडून मराठी बोलणारं कुणी तरी होतं. इथे समोर डोंगर आणि शेजारी बेरिल. आता पुन्हा लॉकडाउन लागलं होतं. घरापासून लांब जायचं नाही, चालायचं तर बाहेरच्या एकाच माणसाबरोबर. रेखाताईंच्या वाट्याला ते माणूस म्हणून बेरिल आली होती.

फोनवरचं इंग्रजी त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. पण मास्कमागून येणारं बेरिलचं इंग्रजी अर्धंच कळायचं. न कळलेल्या अर्ध्याला त्या "येस, येस" म्हणायच्या. बेरिलचंही तसंच असावं. दोघींचं छान चाललं होतं.

त्यामुळे आताही त्या "येस" म्हणाल्या. बेरिल थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि उजवीकडे वळली.

वाट उतरतच गेली. ओढा आलाच नाही. आगीत काळं पडलेलं एक झाड दिसलं आणि बऱ्याच वेळाने तेच झाड पुन्हा दिसलं. की दुसरं होतं? इथली जळकी झाडं सगळी सारखीच. निनादला फोन लावावा म्हटलं तर रेंज नव्हती. ऊन माळावरून सरकत वरच्या कड्याला लागलं होतं आणि वारा बोचायला लागला होता.

बेरिलने अचानक त्यांचा हात धरला. "आई रागावेल, जोन," ती इंग्रजीत म्हणाली. या वेळी प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

जोन म्हणजे बेरिलची धाकटी बहीण. तिचा फोटो बेरिलच्या फ्रिजवर होता. ती जाऊन बरीच वर्षं झाली, असं बेरिलनेच सांगितलं होतं.

"आय ॲम रेखा," त्या म्हणाल्या.

बेरिलने हात सोडला. मास्क खाली ओढून ती दरीकडे तोंड करून जोनला हाका मारायला लागली. हाक मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. एवढी उंच, खणखणीत बाई, आणि आवाज हरवलेल्या पोरीचा. काय करावं ते रेखाताईंना सुचेना. खोटं बोलावं का? मेलेल्या माणसाच्या नावाला ओ द्यावी का?

"येस," शेवटी त्या म्हणाल्या. "जोन हिअर."

बेरिल लगेच शांत झाली, आणि त्याचीच रेखाताईंना जास्त भीती वाटली.

मग दूरवरून मालगाडीचा आवाज आला. रूळ गावाला लागूनच होते. रेखाताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. आवाज डावीकडून येतोय, की कड्यावर आपटून परत येतोय, ते ठरेना. पुढची गाडी येईपर्यंत दोघी दगडावर बसून राहिल्या. ती आली तेव्हा रेखाताईंनी बेरिलचा हात धरला आणि मिळेल त्या वाटेने आवाजाच्या दिशेने चढायला लागल्या. घरांचे दिवे दिसले तेव्हा बेरिल म्हणाली, आज छान लांब चाललो आपण.

फाटकात निनाद उभा होता. रेखाताईंनी त्याला सगळं सांगितलं. सांगू नये असं मनात होतं, पण बोलणं थांबेना.

"आई, तिच्या मुलीला कळवायला हवं," तो म्हणाला.

"कळवलं तर काय करतील?"

मुलगी पर्थला होती, त्या राज्याची सीमा बंद. निनाद तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलला. पुढे डॉक्टर येऊन गेले, एक सोशल वर्कर येऊन गेली. मग वृद्धाश्रमात जागा मिळाल्याचं कळलं. तिथेही भेटीगाठी बंदच होत्या. आपण बरं केलं की वाईट, हे रेखाताईंनी मयूराला विचारलं, निनादला विचारलं. दोघंही बरंच केलं म्हणाले. त्यांना ते पटायचं आणि कणीक मळता मळता पुन्हा पटेनासं व्हायचं.

वृद्धाश्रमाची गाडी आली ती सकाळी. गाऊन आणि फेसशील्ड घातलेल्या बाईने बॅग उचलली. बेरिल चांगला कोट घालून, लिपस्टिक लावून बाहेर आली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या रेखाताईंना तिने हाताने बोलावलं. त्या तिच्या फाटकाशी गेल्या. आता ही कोणत्या नावाने हाक मारणार, हे न कळून ओ द्यायला त्यांचे ओठ आधीच हलायला लागले होते.

बेरिलने नाव घेतलंच नाही. "फाटक धरून ठेव हं," ती म्हणाली. "वाऱ्याने आपटतं. मी जेवायला परत येतेच आहे."

"येस, येस," रेखाताई म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेली. नात ओवी घराच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. "आजी, यू कॅन लेट गो नाऊ," ती म्हणाली.

रेखाताईंनी ऐकलं. या वेळी सगळं कळलं होतं. वारा फाटकाला मागून रेटत होता, आणि त्या दोन्ही हातांनी ते उघडं धरून उभ्या होत्या.