बारा नंबरचं दार

वहिनींना आज सुईत दोरा काही ओवता येईना. चार वेळा टोक ओलं करून झालं, तरी नजर आपली घड्याळाकडेच. काळजीने नव्हे हो, आनंदाने! बँकेचा तपासनीस यायचा होता. घरी येऊन त्याने 'पत्ता बरोबर' एवढा शेरा मारला की कर्ज मंजूर, आणि भरतकामाचं मशीन वहिनींचं. दुकानदार ते सहापर्यंतच राखून ठेवणार होता, कारण दुसरं गिऱ्हाईक टपलेलंच होतं.

मागच्या खेपेला अर्ज सपशेल आपटला होता. कारण ऐकाल तर हसाल. घर एकच, पण दारं दोन. पुढचं मोठ्या रस्त्यावर, नंबर बारा. मागचं गल्लीत, नंबर सात. मागच्या खोलीत वहिनींचं शिवणकाम चाले, म्हणून विजेचं बिल आणि दुकानाचा परवाना सातचा. ओळखपत्र आणि पासबुक मात्र बाराचं. बँकेला वाटलं, या बायका दोन असाव्यात. एक ना धड, भाराभर चिंध्या! पण चिंध्या जोडण्यातच वहिनींचा जन्म गेलेला. दोन महिने त्यांनी कचेऱ्यांच्या खिडक्याखिडक्यांपुढे रांगा लावल्या आणि एकूण एक कागद बारा नंबरवर आणला. जन्मतारीख तीच, सही तीच, फोन तोच. काय बिशाद आता कुणाची बोट ठेवायची!

साडेचारला मागच्या खोलीत फोन वाजला.

"बाई, बारा नंबरला जाऊन आलो. तुम्ही तिथे राहत नाही म्हणे. तसा शेरा मारतोय."

"कोण म्हणालं?" वहिनी किंचाळल्याच.

"दारात एक आजोबा बसलेत, ते."

वहिनींनी कपाळावर हात मारला. अण्णा! त्यांचे सासरे. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं अण्णा पुढच्या दारात खुर्ची टाकून बसत. विक्रेता येवो, वर्गणीवाला येवो, सुनेचं नाव घेऊन कुणी अनोळखी आला की ठरलेलं उत्तर, "अशी कुणी इथे राहत नाही." सुनेला कुणी त्रास देऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. सगळे कागद जुळवणाऱ्या वहिनी अण्णांना सांगायला तेवढ्या विसरल्या होत्या.

"थांबा! शेरा मारू नका! आले!"

गळ्यात टेप तशीच ठेवून वहिनी धावत सुटल्या. स्वयंपाकघर ओलांडलं, बोळात बादली लाथाडली, अण्णांच्या खुर्चीला वळसा घालून थेट रस्त्यावर. तपासनीस स्कूटर सुरू करत होता. वहिनींनी हँडलच धरलं.

"मीच ती! याच घरात राहते! चला, दाखवते!"

त्याला त्यांनी जवळजवळ ओढतच आत आणलं. ओळखपत्र, पासबुक, बिल, परवाना एका दमात पुढच्या खोलीतल्या टेबलावर पसरले. त्याने एकेक कागद तपासला. सगळीकडे बारा नंबर.

"कागद चोख आहेत," तो म्हणाला. "पण घरातलाच माणूस नाही म्हणतोय, त्याचं काय करू?"

दारातून ऐकणाऱ्या अण्णांना आता सगळा उलगडा झाला. त्यांचा चेहरा पार उतरला. "पोरी, मी तुझं मशीन घालवलं की काय गं?"

"आजोबा, सरळ सांगा," तपासनीस म्हणाला. "या तुमच्याकडे राहतात ना?"

अण्णा काठी टेकत उठले.

"माझ्याकडे? छे! मीच हिच्याकडे राहतो, साहेब. नऊ वर्षं हीच मला सांभाळते. लिहा तसं."

वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. असं ते कधी बोलले नव्हते. तपासनीसाने पेन काढलं. मग त्याने 'पत्ता बरोबर' लिहून सही ठोकली.

"दाखवा बरं," अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. "हे काय? घरप्रमुख म्हणून माझं नाव? खोडा ते. तिचं घाला."

"अण्णा!" वहिनींनी झडप घालून त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. "हात जोडते तुम्हाला, आज काही म्हणजे काही बदलू नका!"

"बरं," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "आधी मशीन आण. मग तुझं नाव घालायला उद्यापासून रांगेत मी उभा राहतो."