टॉवरकडे पाठ

दिराने सुरू केलेली हाक सगळ्या गल्लीने उचलली आणि त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. इमारतीच्या तळमजल्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं केस कापायचं पार्लर होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की वहिनी त्याच्या डोक्याकडे बघून विचार करायच्या, आणि एकदा कात्री उचलली की पुन्हा विचार करायच्या नाहीत. घरातही त्यांचा कारभार असाच होता.

त्या शनिवारी दुपारीच त्यांनी पार्लर बंद केलं. संध्याकाळी फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना होता आणि त्या सामन्यात मुख्य पंच म्हणून त्यांची लेक मैदानात उतरणार होती. पुरुषांच्या अंतिम सामन्यात बाई पंच, हे पहिल्यांदाच घडत होतं. नवरा लेकीला घेऊन सकाळीच गाडीने निघाला होता. वहिनींनाही जायचं होतं, पण सासूबाई मागच्या महिन्यात न्हाणीघरात घसरल्या होत्या. मांडीचं हाड जोडून आणलेलं, पलंगावरून उठायची सोय नाही. त्यांना एकटं कसं सोडणार?

"मी आणि आजी टीव्हीवर बघू," वहिनी लेकीला म्हणाल्या होत्या. "मैदानात बसून तरी मला काय दिसणार? टीव्हीवर तुझं तोंड तरी दिसेल."

आणि नेमक्या त्याच सकाळी रस्ता खोदणाऱ्यांच्या यंत्राने जमिनीखालची वायर तोडली. इमारतीचं केबल गेलं, इंटरनेट गेलं. चौकशी केल्यावर उत्तर आलं, सोमवारी बघू.

"सोमवारी काय बघू? डोंबल?" वहिनींनी फोन ठेवला आणि दिराला लावला.

दीर टॅक्सी चालवायचा. चेंडूला लाथ मारता यायला लागल्यापासून तो निळ्या संघाचा भक्त होता आणि आज निळा संघच अंतिम सामन्यात होता. त्यामुळे त्याचाही जीव टांगणीला लागलेला.

"वहिनी, सामना सरकारी चॅनेलवर आहे. तो हवेतून फुकट येतो. अँटेना लावला की झालं."

"मग घेऊन या की!"

"आणतो, पण तळमजल्यावर येईल असं वाटत नाही. चॅनेलचा टॉवर तुमच्या मागच्या बाजूला. मध्ये जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी. चित्र यायचं तरी कुठून?"

"ते मी बघते. तुम्ही आणा."

तासाभरात दीर आला. एका दांडीवर आडव्या काड्या बसवलेला, मोठ्या फणीसारखा दिसणारा छोटा अँटेना, खाली ठेवायला पाया, लांब वायर, आणि जोडीला एक डबी.

"हा बूस्टर. सिग्नल कमी पडला तर वाढवतो."

पहिला प्रयोग स्वयंपाकघरात झाला, कारण टॉवर त्याच दिशेला. दिराने फोनवर नकाशा उघडला, होकायंत्र लावलं आणि अँटेनाचं टोक बरोबर टॉवरच्या रेषेत धरलं. टीव्हीने चॅनेल शोधली. एकही नाही. अँटेना फ्रिजवर ठेवला, फ्रिजवरून काढून फळीवर ठेवला, फळीवरून खिडकीच्या लोखंडी गजांना टेकवला. दीर टाचा उंचावून उभा आणि वहिनी टीव्हीसमोर.

"आता?"

"नाही."

"आता?"

"अहो, आता तर होतं तेही गेलं!"

मग बूस्टर लावला. टीव्हीच्या मेनूत दोन पट्ट्या दिसत होत्या, एक सिग्नलच्या जोराची आणि दुसरी त्याच्या दर्जाची. जोराची पट्टी टोकापर्यंत गेली. दीर खूश झाला. पण चित्राचे नुसते चौकोन झाले आणि आवाज उचकी लागल्यासारखा तुटायला लागला.

"जोर तर भरपूर आहे," दीर बुचकळ्यात पडला. "मग घोडं अडलं कुठे?"

आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. "माझ्या कानात ओरडलं म्हणून मला कळतं का रे? उलट डोकं उठतं. हळू पण नीट बोललं की कळतं."

वहिनी थबकल्या. "भाऊजी, आई बरोबर बोलतायत. डबी काढा ती. आपण जोराकडे बघायचंच नाही, दुसरी पट्टी बघायची."

"पण टॉवरच्या दिशेला सगळी भिंतच आहे, वहिनी. मी सांगितलं होतं."

"मग त्या दिशेला नाही धरायचं."

"म्हणजे? टॉवरकडे पाठ करायची?"

वहिनी आजींच्या खोलीत गेल्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडे एका कार्यालयाची उंच नवी इमारत होती, वरपासून खालपर्यंत काचेची. दुपार कलली की तिच्यावरून उलटलेलं ऊन थेट आजींच्या पलंगावर यायचं आणि त्यावरून आजी रोज कुरकुर करायच्या. आयुष्यभर वहिनी गिऱ्हाइकांना त्यांची मान पाठीमागे आरसा धरून दाखवत आल्या होत्या. जे सरळ दिसत नाही ते दाखवायला आरसा किती कलवायचा, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं.

"सिग्नल आपल्या डोक्यावरून जाऊन त्या काचेवर आपटत असणार," त्या म्हणाल्या. "ऊन उलटतं तसा तोही उलटेल. टीव्ही इकडे आणा."

"वहिनी, ऊन वेगळं आणि सिग्नल वेगळा."

"असेल. आधी टीव्ही तर आणा, मग मला शिकवा."

आजींच्या पलंगासमोरच्या टेबलावर टीव्ही आला. वहिनींनी अँटेना खिडकीच्या कट्ट्यावर, गजांपासून थोडा लांब ठेवला आणि त्याचं टोक काचेच्या इमारतीकडे वळवलं. दर्जाची पट्टी मुंगीच्या पावलाने वर चढली. "थोडा डावीकडे," आता दीर ओरडत होता, "अजून, अजून, अहो गेला, परत या!" वहिनींनी अँटेना केसभर मागे फिरवला. मग पायाखाली आजींच्या औषधांचा रिकामा खोका सरकवून त्याला जरा उंची दिली. पट्टी निम्म्याच्या वर गेली आणि तिथेच ठाम राहिली.

"आता पुन्हा शोधा चॅनेल."

टीव्हीने शोधायला सुरुवात केली. एक सापडलं, मग भराभर आणखी. सरकारी चॅनेल लावलं आणि हिरवंगार मैदान पडद्यावर उमटलं. इतकं स्वच्छ, की गवत कापल्याचे पट्टे मोजावेत.

दीर आ वासून बघत राहिला. मग मोठ्याने हसला. "मानलं! पण होकायंत्र माझं होतं, हे विसरू नका."

"कसं विसरेन? तुम्ही दिशा दाखवलीत म्हणून तर उलटं फिरता आलं."

संघ मैदानात आले. पुढे चालत होती काळ्या कपड्यातली, केस घट्ट बांधलेली लेक.

"शिट्टी आली गं!" आजी ओरडल्या. हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि कौतुकाने अजिबात नाही. पोरीने मैदानात शिट्ट्या फुंकत हिंडावं हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. त्यावरून वर्षभर त्या नातीशी धड बोलल्या नव्हत्या. आज मात्र चष्मा पुसून पुन्हा लावला होता. "किती बारीक दिसतेय. जेवली का नाही?"

लेकीच्या चालण्यावरूनच वहिनींना कळलं होतं की ती ठीक आहे.

पूर्वार्ध गोलाविना संपला. उत्तरार्ध रंगला, गडी एकमेकांना भिडायला लागले, आणि निळ्यांच्या गोलसमोर गर्दी झाली असतानाच चित्र फाटलं. चौकोन, चौकोन, मग काळा पडदा.

"अरे देवा!" दीर टीव्हीवर झेपावला.

"हात लावू नका!" वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. अँटेना होता तसाच होता. खोका तसाच. आत्ता नवीन काय झालंय? "भाऊजी, फोन कुठे लावलात चार्जिंगला?"

दिराने जीभ चावली. चार्जर कट्ट्याखालच्या प्लगमध्ये होता, अँटेनाच्या वायरीला अगदी खेटून. वहिनींनी तो उपसून काढला. पडदा उजळला.

पडद्यावर लेक होती. हात सरळ पुढे, बोट गोलसमोरच्या ठिपक्याकडे. निळ्यांविरुद्ध पेनल्टी.

"काय?" दीर उठून उभा राहिला. "नव्हतीच! साफ चूक आहे!"

"तुला दिसलं का?" आजींनी विचारलं.

"दिसलं नाही, पण..."

"मग खाली बस."

निळ्यांनी लेकीला घेरलं होतं. त्यांचा कर्णधार, तिच्याहून हातभर उंच, वाकून तिच्या तोंडावर ओरडत होता. सारं मैदान आरडाओरडा करत होतं. लेक एक पाऊलही मागे सरली नाही. तो ओरडून दमेपर्यंत तिने ऐकून घेतलं, मग दोनच शब्द बोलली आणि हाताने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. आणि तो झाला.

क्षण पुन्हा दाखवला तेव्हा मध्ये कुणाची तरी पाठ आली. समालोचकांचंही एकमत होईना. दिराने वहिनींकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा वहिनी, होती का?"

"मला नाही दिसलं, भाऊजी. पण तिला दिसलं."

पेनल्टीवर गोल झाला आणि तोच शेवटचा ठरला. निळे हरले. दीर भिंतीकडे तोंड करून बसला. चहा दिला तो त्याने घेतला, बिस्किटांना मात्र हात लावला नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. मागे गलका ऐकू येत होता.

"आई, दिसलं का गं?"

"स्वच्छ. फक्त पेनल्टीच्या वेळी तुझ्या काकाने चार्जर लावला."

लेक खळखळून हसली. "त्याला सांग, शर्ट ओढला होता. मी हाताच्या अंतरावर होते. निळ्यांचा कर्णधारसुद्धा नंतर येऊन हात मिळवून गेला."

वहिनींनी हे जसंच्या तसं सांगितलं. दीर भिंतीकडूनच म्हणाला, "बरं बरं. चांगली पळाली म्हणावं."

मग आजींनी हात पुढे केला. त्यांनी फोन कानाला लावला.

"तो दांडगा अंगावर आला तेव्हा घाबरली नाहीस?"

"थोडी घाबरले होते, आजी."

"दिसलं नाही कुणाला," आजी म्हणाल्या. "मी अगदी जवळून बघत होते. जरासुद्धा दिसलं नाही." आणि मग, आवाज चढवून, "घरी ये लवकर. तुझी आई वाढायला थांबलीय."

वहिनी खरं तर वाढायला थांबल्या नव्हत्या, अजून भातही टाकला नव्हता. त्या हसतच स्वयंपाकघरात गेल्या. मागून दिराचा आवाज आला, की टीव्ही पुन्हा बाहेर नेऊ का. आणि लगेच आजींचा, की हात लावून तर बघ.